ऑफ म्हणजे बंद

इंग्रजीच्या वर्गातल्या बाई फळ्यावर एखादं साधं क्रियापद लिहायच्या, त्याला एवढासा शब्द चिकटवायच्या आणि वर्गाकडे वळून म्हणायच्या, "आता बघा हं, शेपूट बदललं की प्राणी कसा बदलतो ते." वर्ग हसायचा. दिवसभर राबून आलेले लोक ते. एक शिंपी, दोन ड्रायव्हर, दुकानात पाय मोडेस्तोवर उभ्या राहणाऱ्या तीन मुली, आणि मागच्या बाकावर वहिनी.

वहिनी खरं तर एकाचीच वहिनी. फळांच्या मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये तिचा धाकटा दीर फिटर होता, त्यानंच तिला तिथं पॅकिंगला लावून दिलं होतं. तो हाक मारायचा म्हणून हमाल वहिनी म्हणू लागले, हमालांचं ऐकून मॅनेजरही. नवरा लांबच्या पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. दीर, जाऊ आणि ती एकाच घरात, एकाच चुलीवर.

गेल्या वर्षी कंट्रोल रूममध्ये बसायला माणूस हवा होता. नवी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर परक्या देशात बसून सगळ्या खोल्यांचे आकडे आपल्या पडद्यावर बघायचा, आणि त्याच्याशी फोनवर इंग्रजीत बोलावं लागायचं. मॅनेजरनं आधी दिराला विचारलं. "मी पाना चालवतो, जीभ नाही," म्हणून त्यानं उडवून लावलं. वहिनीनं विचारलं, "मी शिकले तर चालेल का?" आणि ती शिकू लागली. खुर्ची मिळाली. दिरानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून वॉकीटॉकीवर तो तिला "बोला मॅडम" म्हणायचा, आणि त्यातला मॅडम जरा लांबवायचा.

त्या आठवड्यात फळ्यावर "गो ऑफ" होतं. बाईंनी दोन वाक्यं दिली. लाइट वेन्ट ऑफ, म्हणजे दिवे गेले. मिल्क वेन्ट ऑफ, म्हणजे दूध नासलं. तेवढ्यात वेळ संपली. "बाकीचं तुम्ही काढा. रोजच्या बोलण्यातली वाक्यं हवीत, पुस्तकातली नकोत," असं म्हणत बाईंनी जाता जाता एक अर्धं वाक्य लिहून ठेवलं: 'एव्हरी मॉर्निंग द अलार्म गोज ऑफ ॲट सिक्स, अँड आय...' पुढचं घरून पूर्ण करून आणायचं.

दिवे गेले, दूध गेलं. वहिनीनं मनाशी गाठ बांधली की ऑफ आलं की काहीतरी जातं, संपतं, बंद पडतं. सोपं होतं.

कोल्ड स्टोरेजमधल्या खोल्या नुसत्या थंड नव्हत्या. फळं महिनोन्‌महिने ताजी राहावीत म्हणून खोली भरली की दार हवाबंद करायचे, आतला प्राणवायू काढून घ्यायचे आणि त्या जागी नायट्रोजन सोडायचे. फळ त्यात झोपी जातं. माणूस गेला तर कोसळतो. वास येत नाही, धूर दिसत नाही, घसासुद्धा खवखवत नाही. पाय पुढं पडत असतो आणि पुढच्या क्षणी माणूस जमिनीवर असतो. म्हणून प्रत्येक खोलीत प्राणवायू मोजणारं यंत्र होतं आणि प्राणवायू कमी झाला की भोंगा वाजायचा, इंजिनिअरच्या पडद्यावरही अलार्म वाजायचा.

चार नंबरची खोली नुकतीच रिकामी केली होती. आत छताजवळच्या पंख्याचा पट्टा झिजला होता, तो बदलायचा होता. दार उघडून, बाहेरून मोठा पंखा लावून खोलीत हवा खेळवणं चाललं होतं. पण त्या बाजूची वायरिंग बदलत असल्यामुळं भोंगा काढून ठेवलेला. हातात धरून न्यायचा मीटर होता एकच, तो दुरुस्तीला गेलेला. "दोन दिवसांचा प्रश्न आहे," मॅनेजर म्हणाला होता. "इंजिनिअरला पडद्यावर दिसतंय ना? तो वहिनींना सांगेल, वहिनी फिटरला सांगतील. झालं!"

सकाळी इंजिनिअरचा फोन आला होता. "रूम फोर, स्टिल लो. प्लीज वेट." हे वहिनीला नीट कळलं. तिनं वॉकीटॉकीवर दिराला सांगितलं, "अजून नाही भाऊजी. थांबा."

"थांबतो मॅडम. आमचं काय, थांबायचाच पगार घेतो आम्ही."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं चारदा विचारलं. संध्याकाळी त्याच खोलीत नवा माल भरायचा होता, मॅनेजर त्याच्या डोक्यावर बसला होता, आणि तो वहिनीच्या. वहिनी डबा उघडून बसली होती. एका हातात घास, दुसऱ्या हाताखाली गृहपाठाचा कागद. फोन वाजला.

"हॅलो मॅम," इंजिनिअर घाईत होता, मागं दुसरेही फोन वाजत होते. "रूम फोर. द अलार्म हॅज जस्ट गॉन ऑफ. ओके?"

गॉन ऑफ! वहिनीला हसूच आलं. जे कागदावर जुळवत होती तेच वाक्य कानात येऊन पडलं होतं.

"अलार्म ऑफ? रूम फोर?"

"येस, येस. इट वेन्ट ऑफ. यू विल टेल देम?"

"येस सर. आय टेल. थँक यू सर."

"टेक केअर," म्हणून त्यानं फोन ठेवला.

तिनं वॉकीटॉकी उचलला. "भाऊजी, चारचा अलार्म बंद झाला. जा आता."

"नक्की?"

"आत्ताच फोन आला त्याचा. दोनदा विचारून घेतलं."

"सुटलो बाबा," दीर म्हणाला. या वेळी त्यानं मॅडम म्हटलं नाही. तिला बरं वाटलं.

तिनं कागद पुढं ओढला. आता खरंखुरं वाक्य मिळालं होतं, बाई खूश होतील. चार नंबरच्या खोलीतला अलार्म वेन्ट ऑफ आणि फिटर आत गेला. लिहून झालं. मग बाईंनी दिलेलं ते अर्धं वाक्य उरलं. रोज सकाळी सहाला अलार्म गोज ऑफ आणि मी... मी काय? रोज सकाळी सहाला अलार्म बंद होतो आणि मी झोपते? तिनं तसं लिहायला घेतलं आणि थांबली. रोज सहाला गजर बंद कोण करतं? आधी वाजायला नको? सहाला गजर काय करतो? सहाला गजर...

वाजतो.

सहाला गजर वाजतो आणि मी उठते. दुसरं काही तिथं बसतच नव्हतं.

डब्यातली पोळी तशीच राहिली. तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "भाऊजी! भाऊजी, आत जाऊ नका! बाहेर या!" खरखर आली. "भाऊजी, ऐकताय ना? बाहेर या!" पुन्हा नुसती खरखर. खिडकीतून अंगणापलीकडं चार नंबरचं दार दिसत होतं. उघडं. दाराशी एकटा मामा उभा होता, सगळ्यात जुना हमाल, छातीपर्यंत दाढी आलेला.

वहिनी जिन्यावरून कशी उतरली ते तिला नंतर आठवलं नाही. अंगणात एक ट्रक मागं येत होता, त्याच्या आणि भिंतीच्या मधून ती पळाली. ड्रायव्हर शिव्या घालत राहिला.

मामा दारातून आत डोकावून हाका मारत होता. तिला बघताच म्हणाला, "शिडीवर चढला आणि काहीतरी धप्पकन वाजलं बघ. ओ देत नाही. पाय घसरला वाटतं. बघून येतो." आणि त्यानं एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

तिनं त्याचा शर्ट मागून दोन्ही हातांनी धरला. शर्ट टर्रकन फाटला. तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली. "मामा, नाही! आत हवा नाही!"

"अगं सोड! पोरगा पडलाय तिथं!"

"तुम्हीही पडाल त्याच्याशेजारी! मग मी दोघांना कशी काढू? मामा, पाया पडते, आत जाऊ नका!"

मामा थांबला. दोघांना आत दिसत होतं. रिकाम्या लाकडी खोक्यांच्या रांगेपलीकडं, अगदी मागच्या भिंतीशी आडवी झालेली शिडी, आणि तिच्याखालून बाहेर आलेला एक बूट. आत पिकल्या फळांचा मंद, गोड वास होता. एवढी शांत, स्वच्छ, गार खोली. धोक्याची खूण म्हणून कुठं काही नाही. वहिनीचे पायसुद्धा तिला आत ओढत होते. पंचवीस-तीस पावलांचा तर प्रश्न, श्वास रोखून जाऊन यावं... प्रशिक्षणात सांगितलं होतं, असेच मरतात. पहिल्यापेक्षा त्याला काढायला गेलेलेच जास्त मरतात.

"पेटी," ती म्हणाली. "मामा, भिंतीवरची लाल पेटी!"

पेटीत पाठीवर बांधायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क होता. मामानं तो खेचून काढला आणि स्वतःच्याच गळ्यात अडकवू लागला. वहिनीनं त्याच्या हातातून काढून घेतला.

"मी जाते. तुमच्या दाढीवर मास्क बसत नाही, कडेनं हवा शिरते. प्रशिक्षणाच्या दिवशी बसवून बघितला होता ना सगळ्यांना?"

त्या दिवशी सगळे हसले होते. मास्क घातलेल्या वहिनीला दीर म्हणाला होता, "आता कशा छान दिसता, बोलताही येत नाही." ती चिडून मास्क काढून निघून गेली होती, पट्टे कसे आवळायचे ते अर्धवटच बघून. आता तेच पट्टे बोटांना सापडत नव्हते. मामानं मागून पट्टे ओढले, तिनं झडप फिरवली, आणि तोंडावर रबराच्या वासाची कोरडी हवा आली. मामानं माल बांधायचा दोर तिच्या कमरेला गाठ मारून बांधला.

"दोन झटके दिलेस की ओढतो," मामा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "आणि बाहेरचा तो मोठा पंखा वाढवतो. जा."

आत स्वतःच्या श्वासाशिवाय तिला काही ऐकू येत नव्हतं. घ्यायचा, सोडायचा. काचेवर वाफ जमत होती. खोक्यांच्या रांगेत दोर अडकला, ती मागं येऊन सोडवून पुन्हा पुढं गेली. दीर कुशीवर पडला होता, एक हात अंगाखाली वाकडा. ओठ जांभळे. डोळे अर्धे उघडे, पण बघत नव्हते.

शिडी बाजूला लोटायला तिला दोन प्रयत्न लागले. मग तिनं त्याच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि मागं मागं ओढू लागली. घरात हा माणूस खुर्चीवरून उठून पाण्याचा तांब्या घेत नाही म्हणून ती जावेजवळ कुरकुर करायची. आता त्याचं सगळं वजन तिच्या दोन हातांत होतं आणि जमीन दवानं निसरडी झाली होती. अर्ध्या वाटेत ती बसकण मारून पडली. उठता येईना. तिनं स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, त्याच्या छातीभोवती गुंडाळला आणि दोन झटके दिले.

दोर ताठ झाला. मामा ओढत होता, ती डोकं सांभाळत होती. दारापासून हाताच्या अंतरावर असताना पाठीवरच्या सिलिंडरची शिट्टी वाजू लागली. हवा संपत आली की ती वाजते हे तिला माहीत होतं. पुढचं अंतर ती रांगत आली.

अंगणात माणसं जमली होती. कोणीतरी दिराच्या छातीवर दाब देत होतं, कोणीतरी ॲम्ब्युलन्सला पत्ता ओरडून सांगत होतं. वहिनी मास्क उपसून बाजूला बसली. तिला त्याच्याकडं बघवेना. मग एक घरघर ऐकू आली, घाणेरडी, ओली, पाइपात अडकलेल्या पाण्यासारखी. त्यानं श्वास घेतला होता.

हॉस्पिटलच्या बाकावर जाऊ आली तेव्हा तिच्या एका पायात घरातली चप्पल होती आणि दुसऱ्यात बाहेरची. वहिनीनं तिला सगळं सांगितलं, फोन, ऑफ, वॉकीटॉकी. काही वगळलं नाही.

"म्हणजे आत जा असं तुम्ही सांगितलंत, ताई?"

"हो."

जाऊ तिच्या शेजारून उठली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. डॉक्टर बाहेर येईपर्यंत दोघी समोरासमोर बसून होत्या आणि एकमेकींकडं बघत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, दार उघडं होतं आणि पंखा चालू होता म्हणून थोडीफार हवा आत जात होती, त्यानं वाचवलं. गळ्याजवळचं हाड मोडलंय. काही दिवस विसरल्यासारखं होईल, डोकं जड राहील. पण राहील माणूस.

जाऊ रडली. वहिनीला तिच्याजवळ जायचं होतं. गेली नाही.

दिराला घरी आणल्यावर मॅनेजरनं बैठक बोलावली. मालक आले होते. इंजिनिअर फोनच्या स्पीकरवर होता. दीर हात गळ्यातल्या झोळीत अडकवून हट्टानं आला होता, जाऊ त्याच्या कोपराला धरून.

काय झालं ते इंजिनिअरनं सांगितलं. खोलीत हवा नीट आली होती, त्याच्या पडद्यावरचा अलार्म आपोआप थांबलाही होता. तो तसं कळवणार तेवढ्यात शेजारच्या पाच नंबरच्या खोलीतला नायट्रोजन खराब झडपेतून चारमध्ये झिरपू लागला आणि अलार्म पुन्हा वाजू लागला. म्हणून त्यानं लगेच फोन केला. "आय टोल्ड हर. आय सेड इट वेन्ट ऑफ." त्याचा आवाज कापत होता. त्यालाही झोप लागली नसावी.

मॅनेजर मालकांकडे वळला. "साहेब, मीटरशिवाय आत जायचं नाही हा नियमच आहे. फिटरनं नियम मोडला."

"हो," दीर म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याचा आवाज फाटका येत होता. "वहिनी थांबा म्हणाल्या होत्या. मीच घुसलो."

जावेनं मान खाली घातली. हे घरी ठरवून आले असावेत, किंवा त्यानं एकट्यानंच ठरवलं असावं. गप्प बसली असती तर खुर्ची राहिली असती, पगार राहिला असता, आणि त्याच्या उपकाराखाली ती त्याच घरात आयुष्यभर जेवली असती.

"खोटं बोलतायत ते," ती म्हणाली. "सकाळी थांबा म्हटलं होतं. दुपारी मी सांगितलं, जा म्हणून. ऑफ म्हणजे बंद, असं मला वाटलं. गजर ऑफ जातो म्हणजे वाजतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं."

"झालं तर मग," मॅनेजर हात झटकत म्हणाला. "आता प्रश्नच मिटला."

"नाही मिटला." वहिनी उभी राहिली. तिनं टेबलाची कड धरली. "माझी चूक माझी, ती मी घेते. पण भोंगा काढला कुणी? एकच मीटर, तोही दुरुस्तीला कुणी पाठवला? भोंगा असता तर मला इंग्रजी येण्याची गरजच नव्हती. मामांना पण कळलं असतं, भाऊजींना पण. माझ्या एका शब्दावर माणूस आत सोडायची वेळ आली कशी, ते सांगा ना."

फोनवरचा इंजिनिअर विचारू लागला की त्या काय म्हणाल्या. मालकांनी ते त्याला इंग्रजीत सांगितलं, सावकाश. मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "उत्तर द्या त्यांना."

भोंगा त्याच संध्याकाळी बसला, मीटर दोन आले, आणि खोलीत जायचं की नाही हे फोनवरून ठरवणं बंद झालं. मॅनेजरला मालकांनी महिनाभरात दुसरीकडं हलवलं. वहिनीलाही कंट्रोल रूममधून काढलं. पूर्ण प्रशिक्षण होईपर्यंत पुन्हा पॅकिंग. तिनं वाद घातला नाही. खोक्यांवर चिकटपट्टी लावताना तिला झोपेत बोलल्यासारखे ते दोनच शब्द ऐकू यायचे, "जा आता."

घरात दीर हळूहळू सुधारत होता. मधेच चहा घेतल्याचं विसरून पुन्हा मागायचा. जाऊ वहिनीशी कामापुरतं बोलायची. मीठ द्या, दार लावा, तेवढंच. वर्गाचा दिवस आला तेव्हा वहिनी घरीच राहिली, कांदे चिरत. पुढच्या वेळीही तेच.

त्यानंतरच्या वेळी जावेनं तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

"वर्ग नाही का आज?"

"नको वाटतं गं. तोंड उघडायची भीती वाटते."

"मलाही वाटते तुमची भीती," जाऊ म्हणाली. ती रागातच होती, पण आज इतक्या दिवसांनी तिच्या डोळ्यांत बघत होती. "परवा तुम्ही यांना औषध देत होतात, तर मी बाटलीवरचं नाव तीनदा वाचलं. तुमच्यावर माझा विश्वास राहिला नाही, ताई. खरं सांगते."

"माहीत आहे मला."

"आणि तुम्ही आत गेलात नसता तर मी आज इथं कुणासाठी भाजी करत बसले असते, तेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकदमच आहेत डोक्यात. एक बाहेर काढायला जावं तर दुसरी पुढं येते." तिनं कांद्याची साल उगाच हातात चुरगळली. "अर्धवट शिकलात म्हणून घात झाला. आता अर्धवटच सोडून देणार? जा. पुरतं शिकून या."

आतल्या खोलीतून दिराचा फाटका आवाज आला, "कोण कुठं चाललंय? माझा चहा कुठंय?"

"झाला तुमचा चहा!" दोघी एकदम म्हणाल्या.

जावेला हसू आलं, तिनं ते गिळलं आणि पाठ फिरवून कांदा चिरायला घेतला. वहिनीनं हात धुतले. बाहेर अजून उजेड होता. पायांत चप्पल घालताना तिच्या मनात एकच होतं, की बाईंना आज सगळ्यांसमोर हे सांगायचं, वर्गात ड्रायव्हर आहेत, शिंपी आहे, कुणालाही असा फोन येऊ शकतो. पहिलं वाक्य कसं बोलायचं ते जुळवत ती रस्त्याला लागली.